रविवारचा ट्रे आणि एकशेवीस किलोंची शिडी

त्याला सगळे आभाळ म्हणायचे. रंगाऱ्यांच्या त्या टोळीत प्रत्येकाचं काम ठरलेलं होतं. कोणी दारं-खिडक्या घासायचा, कोणी भिंती रंगवायचा, आणि छत आलं की सगळे आपापली बादली उचलून बाजूला व्हायचे. छत आभाळचं. सव्वीस वर्षं मान मागे टाकून त्यानं लोकांच्या डोक्यावर रंग दिला होता आणि त्यातला बराचसा स्वतःच्या डोक्यावरही सांडून घेतला होता. केस पांढरे कधी झाले आणि रंगानं पांढरे कधी दिसायला लागले, हे त्याच्या बायकोलाही सांगता आलं नसतं.

"भिंतीचं काय एवढं?" तो म्हणायचा. "भिंतीला कपाट लावता येतं, कॅलेंडर टांगता येतं. चूक झाकायला हजार जागा. छताला काय लावणार? अंथरुणाला खिळलेला माणूस दिवसभर तेच बघत असतो. त्याच्यासमोर ब्रशचा एक जरी फराटा राहिला, तर तो मरेपर्यंत मला शिव्या देणार."

माणूस उंचीला बेताचा, पण बाकी सगळीकडून भरपूर. दारातून आधी पोट आत यायचं, मग बादली, मग तो. शिडीवर चढला की मात्र कुठून एवढा हलकेपणा यायचा कोणास ठाऊक. वरच्या पायरीवर उभा राहून, एका हातानं रोलर फिरवत तो असा सरकायचा की खालचे म्हणत, हा माणूस नाही, भरलेला फुगा आहे.

पण शिडीला हे कोण सांगणार? शिडीवर तर चिठ्ठी चिकटवलेली होती.

ती चिठ्ठी ठेकेदारबाईंनी दाखवली. बाई वयानं त्याच्याच बरोबरीच्या. वडिलांकडून धंदा घेतला तेव्हा आभाळही वडिलांकडूनच मिळाला, असं त्या सांगायच्या. एका सकाळी विम्याचा माणूस गोदामात येऊन गेला, आणि तो जाताच बाईंनी आभाळला हाक मारली.

"आभाळराव, इकडं या. हे वाचा."

शिडीच्या बाजूच्या पट्टीवर, रंगाचे थेंब खरवडल्यावर, आकडा दिसत होता. एकशेवीस किलो. माणूस, बादली, पट्टा, सगळं धरून.

"हे इतकी वर्षं होतं?"

"होतं. तुमच्याच रंगाखाली होतं."

रंगाचे डबे तोलायचा वजनकाटा गोदामात होताच. आभाळ बुटांसकट, पट्ट्यासकट, भरलेली बादली हातात घेऊन त्यावर चढला. काटा थरथरला आणि एकशेअठ्ठावीसवर जाऊन बसला. बाजूला उभे असलेले दोघे-तिघे एकदम छताकडे बघायला लागले.

"काटा बिघडलाय," आभाळ म्हणाला.

"काल चाळीस डबे याच काट्यावर तोलून घेतले. तेव्हा बरा होता." बाईंचा आवाज खाली आला. "हे बघा, अकरा आठवड्यांनी वाचनालयाच्या हॉलचं काम आहे. ते छत मी तुमच्याशिवाय कोणाला देऊ? पण विम्याचा माणूस त्या दिवशी दारात उभा राहणार. आणि शिडी काही तुमची मेहुणी नाही, तुमचे लाड करायला. आठ किलो उतरवा. तोपर्यंत पाय जमिनीवर."

वाचनालयाचा हॉल! तरुणपणी आभाळनं पहिलं मोठं छत रंगवलं होतं ते तिथलंच. आता त्याचे पोपडे पुस्तक वाचणाऱ्यांच्या मांडीवर पडत होते. ते पुन्हा आपल्याच हातून व्हावं, एवढी एकच गोष्ट त्यानं आजवर बाईंकडे तोंडानं मागितली होती.

दुसऱ्या दिवसापासून उलटीच गंगा सुरू झाली. टोळीत काडी नावाचा एक रंगारी होता. पन्नाशीचा, वजनानं आभाळच्या निम्मा. पंधरा वर्षं तो उपड्या डब्यावर बसून भिंतीच्या बुडाची पट्टी रंगवत आला होता आणि त्यात सुखी होता. त्याला वर चढवलं. आभाळला त्याच्या डब्यावर बसवलं. आभाळ पट्टीकडे वाकला की पोट मधे यायचं, आणि काडी वर पोचला की त्याचे पाय शिडीसकट वाजायचे.

"काडी, डोळे मिटून रंग देतोयस का रे?" आभाळ खालून ओरडायचा.

"उघडले की खाली दिसतं ना!"

"मग वर बघ."

"वर बघितलं की गरगरतं. तू लवकर बारीक हो बाबा, माझ्या पोरांची शपथ आहे तुला."

म्हणजे आता दोघांचा जीव आठ किलोंवर टांगला होता.

आभाळनं मन घट्ट केलं. चहातली साखर सोडली. कामावरची बिस्किटं सोडली. तळलेलं बंद. घरी जाताना कोपऱ्यावरच्या बेकरीसमोरून नाक धरून जायचा, तर लोकांना वाटायचं गटार तुंबलंय. हे सगळं पहिल्याच आठवड्यात झालं. राहिला तो रविवारचा ट्रे.

हा ट्रे म्हणजे काय, ते सांगायला हवं. आभाळला स्वयंपाकातली एकच गोष्ट यायची, भाजलेला पास्ता. धाकटी जन्माला आली त्या आठवड्यात, बायको दवाखान्यात असताना, शेजारणीला विचारून विचारून तो हे शिकला, आणि एकदा जमल्यावर दुसरं काही शिकायच्या भानगडीत पडला नाही. पत्र्याचा मोठा ट्रे, कोपरे काळे पडलेले, ओव्हनमध्ये तिरका करून सारावा लागणारा. त्यात लोण्याची अख्खी वडी, क्रीमचे दोन डबे, सॉसेजच्या चकत्या, आणि चीज तर असं की वरून किसायला लागला की किसणी गरम व्हायची. बायको एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यात मुकादम होती. तिच्या पाळ्या बदलत्या. थोरलीचं कॉलेज सकाळचं, धाकटीची शाळा दुपारची, सासूबाईंच्या औषधांच्या वेळा जगावेगळ्या. आठवडाभर या घरात प्रत्येक जण आपापलं ताट घेऊन आपापल्या वेळेला जेवायचा. रविवारी दुपारी मात्र पाचही जण एका टेबलाला. तेही ट्रे होता म्हणून. ट्रे बंद केला तर टेबल मोडणार, आणि टेबल मोडायला आभाळ तयार नव्हता.

"तुम्ही तेवढं खाऊ नका," बायको म्हणाली. "आमच्यासाठी करा, तुमच्यापुरतं काहीतरी उकडून घ्या."

"म्हणजे मी रुग्णासारखा कोपऱ्यात बसून गाजर चावायचं आणि तुम्ही माझ्यासमोर चीजच्या तारा ओढायच्या? त्यापेक्षा ट्रेच हलका करतो."

पहिल्या रविवारी त्यानं तो हलका केला, म्हणजे घासूनपुसून उघडाच केला. लोणी नाही, क्रीम नाही, चीज नाही, सॉसेज नाही. बिनसाईच्या दुधात पाणी, पाण्यात कोंड्याचा पास्ता, पास्त्यात कच्च्या फ्लॉवरचे तुरे. ओव्हनमधून बाहेर आला तेव्हा ट्रेचा रंग गोदामाच्या फरशीसारखा होता.

सासूबाईंनी काट्यानं एक तुरा उचलून उजेडात धरला. म्हातारीच्या जिभेला हाड नव्हतंच. "जावईबापू, हा अजून अस्तराचाच हात दिसतोय. रंग कधी देणार?"

धाकटीनं ट्रेच्या काठाशी नाक नेलं. "बाबा, याला बरं नाहीये का?"

थोरली उठून ब्रेड भाजायला गेली. ते जास्त लागलं.

दुसऱ्या रविवारी त्यानं विचार केला की भाज्या कमी पडल्या. मशरूम, पालक, टोमॅटो, झुकिनी, जे दिसेल ते चिरून ट्रेमध्ये लोटलं. वरून थोडं चीजही भुरभुरलं. दिसायला बरा दिसत होता. पहिला चमचा घातला आणि खालून पाणी वर आलं. पळी भरून घेता आलं असतं एवढं पाणी.

"पास्ता पोहतोय," धाकटी म्हणाली.

"बुडतोय," थोरलीनं दुरुस्ती केली.

तिसऱ्या रविवारी त्यानं पाणी आटावं म्हणून दुप्पट वेळ भाजला. वरून कोळसा झाला आणि खाली तळं तसंच राहिलं. आगीतून फुफाट्यात.

पण त्या शनिवारी खरी गंमत झाली. गोदामात काट्यावर चढला तर काटा एक किलो पुढे! तीन आठवडे साखर नाही, बिस्किट नाही, तळण नाही, आणि वजन वाढलेलं. काडी बाजूला उभा राहून बोटं चावत होता. आकडा पाहून तो मटकन डब्यावरच बसला.

"काय खातोस रे तू?"

"काही नाही! वाऱ्यावर जगतोय!"

घरी येऊन आभाळनं बायकोला सांगितलं. ती धुतलेल्या चादरीच्या घड्या घालत होती; घरच्या चादरीसुद्धा ती रुग्णालयाच्या मापानं घालायची. हातातली घडी पुरी करून तिनं ढिगावर ठेवली.

"आमच्याकडे रोज गाठोडी तोलून येतात आणि तोलून जातात," ती म्हणाली. "वजन हवेत कुठं जात नाही. एका गाठोड्यात कमी भरलं, तर दुसऱ्यात जास्त निघतं. आता मला सांगा, रविवारी आम्ही चौघी दोन-दोन घास खाऊन उठतो. उरलेला ट्रे कुठं जातो?"

आभाळ चादरीचं दुसरं टोक धरून उभा राहिला.

"सोमवारी डब्यात नेतो."

"आणि?"

"मंगळवारी."

"आणि?"

"बुधवारी थोडा नाश्त्याला... अगं पण हलकाच आहे ना तो!"

"हलका असेल. पण पाच माणसांचा हलका एकटा माणूस खातोय."

हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. पूर्वीचा ट्रे चांगलाच भारी, पण त्यातला त्याच्या वाट्याला पाचवा हिस्सा यायचा. पोरी भांडून भांडून कोपरे पळवायच्या. आता चवच अशी की सगळा त्याच्याच पानात.

"टाकून द्या उरलेलं," बायको म्हणाली, पण म्हणतानाच तिला ठाऊक होतं. सात भावंडांत वाढलेला माणूस. त्याची आई भात निपटून झाला की पातेल्यात पाणी फिरवून ते पाणीही कोणाला तरी प्यायला द्यायची. अन्न टाकायला आभाळचा हात कधी वळलाच नव्हता. मागे एकदा त्यानं कचऱ्याच्या डब्यावर ताट तिरपं धरलं होतं, तर पाच मिनिटं तसाच उभा राहिला आणि मग उभ्या उभ्याच खाऊन टाकलं.

"मग एकच राहतं," ती म्हणाली. "आम्हाला आवडेल असं करा. आम्ही ट्रे चाटूनपुसून संपवला, तर तुम्हाला उरणारच नाही. तुमचं वजन आमच्या जिभेवर आहे."

हे बोलणं पोरींच्या कानावर गेलं असावं, कारण चौथ्या रविवारी अघटित घडलं. ट्रेमध्ये पुन्हा तळं होतं, तरी पोरी गुमान खात होत्या. धाकटी दर घासाला डोळे गच्च मिटायची, पाणी प्यायची, पुन्हा घास घ्यायची. थोरली म्हणाली, "छान झालंय बाबा," आणि तिचा आवाज दवाखान्यात भेटायला आलेल्या पाहुण्यासारखा होता. सासूबाईंचं ताट तर लख्ख.

आभाळचा ऊर भरून आला. जेवणं झाल्यावर तो हात पुसत गॅलरीत गेला, आणि बघतो तर तुळईला टांगलेल्या फुलझाडाच्या कुंडीत, मातीवर, मशरूम आणि पास्त्याचा ढीग.

"सासूबाई!"

"अहो, झाडाला खत नको?" आतून आवाज आला. "तुमची बायको म्हणाली ताट रिकामं दिसलं पाहिजे. दिसलं ना?"

आभाळ हसला. पण कुंडी साफ करताना त्याचं हसू ओसरलं. पोरी आपल्यासाठी नाक दाबून खातायत. एक रविवार खातील, दोन खातील. तिसऱ्या रविवारी कोणाला तरी अभ्यास निघेल, कोणाला तरी मैत्रीण बोलावेल. टेबल मोडायचं ते असंच मोडतं, आवाज न करता.

पाचव्या आठवड्यात टोळी एका दातांच्या दवाखान्यात काम करत होती. छत काडीचं. आभाळ खाली पट्टीला बसलेला. बुधवारी दातांची डॉक्टरीण तावातावानं आली आणि बोट वर करून उभी राहिली. नव्याकोऱ्या पांढऱ्या छतावर, बरोबर रुग्णाच्या खुर्चीच्या वर, पिवळा डाग फुटला होता. ताटाएवढा.

"तीन हात मारलेत मी त्यावर!" काडी शिडीवरून कळवळला. "जितका मारावा तितका वर येतोय!"

आभाळ डब्यावरून उठला. खालूनच त्यानं डागाकडे पाहिलं. छत वाचायला त्याला शिडी लागत नसे. "वर पाण्याची टाकी आहे का हो? आहे ना? मग काडी, तू ओलीवर रंग दिलास. तीन काय, तीस हात मार. ओल आत कोंडली की ती बाहेरच येणार. आधी खरवडायचं, वाळवायचं, हात लावून बघायचं, मग अस्तर, मग..."

तो मधेच थांबला. हातातला ब्रश तसाच धरलेला, त्यातून रंग बुटावर ठिबकत होता.

"मग काय?" काडी म्हणाला. "बोल ना. मग काय?"

"च्यायला," आभाळ पुटपुटला. "सव्वीस वर्षं लोकांना हेच सांगतोय, आणि चार रविवार स्वतः ओलीवर रंग देतोय."

डॉक्टरीणबाईंना त्यातलं काही कळलं नाही. काडीलाही नाही. पण त्या संध्याकाळी आभाळ बेकरीवरून गेला तेव्हा नाक धरायचंसुद्धा विसरला.

त्या रविवारी बायको सकाळच्या पाळीला गेली, तेव्हा त्यानं स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि दार लोटून घेतलं. काम नेहमीच्या कामासारखं करायचं, एवढंच त्यानं ठरवलं होतं. आधी ओल काढायची. मशरूम, झुकिनी, टोमॅटो चिरून, मीठ लावून, ट्रेवर सुटसुटीत अंतरानं पसरले आणि कडक ओव्हनमध्ये सुकेपर्यंत भाजले. एक फोड उचलून दोन बोटांत दाबून पाहिली, ओलसर भिंत दाबून पाहावी तशी. पालक नुसता कढईत परतला, मग फडक्यात बांधून असा पिळला की फडकं हिरवं झालं.

मग अंग भरायचं. भिंतीला अंग रंगानं येत नाही, खाली भरलेल्या लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, येतं. कांदा आणि लसूण मंद आचेवर, थोड्याशा तेलात, पार लाल होईपर्यंत. त्यावर दोनच चमचे मैदा, खमंग भाजून. मग बिनसाईचं दूध, थोडं थोडं, गुठळी होऊ न देता. रंग ढवळून ढवळून मनगट तयार झालेलं, ते आज कामी आलं. आणि फ्लॉवर! तुरे मऊ शिजवून, चाळणीवर निथळत ठेवून, मिक्सरमधून असे फिरवले की लोण्यासारखा गोळा. तो दुधात घातल्यावर सॉस चमच्याला धरायला लागला. क्रीमची आठवणही येऊ नये असा. मिरी, चिमूटभर मोहरीची पूड. पास्ता दोन मिनिटं कच्चाच काढला, कारण उरलेला तो ओव्हनमध्ये शिजणार होता.

ट्रेला तेल लावायला त्यानं पिशवीतून दोन इंची नवा ब्रश काढला. चमचाभर तेलात चारही कोपरे चकाकले.

शेवटी चीज. पूर्वी तो ते ट्रेभर ओंजळीनं कालवायचा. आता हातात तुकडा घेऊन विचार करत उभा राहिला. भिंतीच्या आत कोणी रंग देतं का? रंग दिसतो तो वरचा. त्यानं मुरलेलं, वासाचं, तिखट चीज आणलं होतं, तळहातापेक्षा लहान तुकडा. ते बारीक किसून, ब्रेडच्या चुऱ्यात मिसळून, ट्रेच्या वर एकच पातळ हात दिला. कुठं जाड नाही, कुठं उघडं नाही.

बाहेर काढल्यावर सासूबाई वासानं ओढल्यासारख्या दारात आल्या. "वाढा की!"

"दहा मिनिटं थांबा. ओल्या रंगाला हात लावायचा नसतो."

"जेवायला बसवलंय की भिंतीला टेकू नका म्हणताय?"

दहा मिनिटांनी सुरी फिरली आणि चौकोन उभाच्या उभा बाहेर आला. खाली थेंब नव्हता. वरचा पापुद्रा कुरकुरीत वाजला. पाच जणांच्या पानात पाच चौकोन पडले, आणि मग टेबलावर जे झालं ते आभाळनं पाच आठवडे ऐकलं नव्हतं. कोणी बोलेनाच. नुसते काटे वाजत होते.

"कोपरा माझा," धाकटी अचानक म्हणाली.

"मागच्या वेळी तुझा होता," थोरली.

"मागच्या वेळी कोपऱ्याला कोण विचारत होतं!"

"भांडू नका गं," सासूबाई म्हणाल्या आणि बोलता बोलता तो कोपरा स्वतःच्या पानात ओढला. "म्हातारीला दात नाहीत, पण कुरकुरीत चघळता येतं."

थोरलीनं दुसरा चौकोन घेतला आणि संशयानं बापाकडे पाहिलं. "बाबा, आज सगळं पूर्वीसारखं घातलंत ना? मग वजनाचं काय?"

"फ्लॉवर घातलाय."

धाकटीचा काटा हवेत थांबला. "कुठाय? मी फ्लॉवर खात नाही!"

"खाल्लास की. अर्धा गड्डा. दोनदा वाढून घेऊन."

तिनं पानाकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. मोठा अन्याय झाल्यासारखं तोंड केलं आणि मग तिसऱ्यांदा ताट पुढे केलं.

ट्रेमध्ये शेवटचा एक चौकोन उरला होता. सवयीनं आभाळचा हात तिकडे गेला. पण त्याच्या आधी बायकोचा पोचला. ती आत्ताच पाळीवरून आली होती, तिच्या बाहीला अजून धुलाईखान्याच्या वाफेचा वास होता. चौकोन तिनं आपल्या पानात घेतला, आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "मला दुसऱ्यांदा मिळालंच नाही अजून."

ट्रे मोकळा. आभाळच्या पानात एक चौकोन येऊन गेलेला. पोटात जागा होती, भूकही होती, आणि तरी तो खुर्चीत असा रेलून बसला होता की सासूबाईंनी विचारलं, "जावईबापू, तुमचं जेवण झालं का नाही?"

"झालं," तो म्हणाला. "पोट भरलं."

दर रविवारी असं जमलं असं नाही. एकदा मीठ दुप्पट पडलं. एकदा पालक नीट पिळला नाही, तर खाली ओल आली आणि पोरींनी एका सुरात "पोहतोय!" म्हणून ओरडा केला. पण सोमवारच्या डब्यात आता ट्रे नसायचा, कारण ट्रे उरतच नव्हता. डब्यात बायको देईल ते असायचं, तेही मापानं. काडीनं तर स्वतःला त्याचा पहारेकरीच नेमला. सकाळ-संध्याकाळ तो त्याला कामावर चालत न्यायचा-आणायचा, आणि चालता चालता सारखा विचारायचा, "आज पँट ढिली वाटतेय का रे?" शनिवारी काट्यावर आभाळ चढायचा आणि डोळे काडी मिटायचा.

अकराव्या आठवड्याच्या सोमवारी वाचनालयाचा हॉल उघडला. टेबलं, कपाटं, पुस्तकं सगळी कापडाखाली. उंच छत, आणि त्यावर सगळीकडे पोपडे. ठेकेदारबाईंनी वजनकाटा गाडीत घालून तिथंच आणला होता. विम्याचा माणूस दारात उभा, हातात पाटी, पाटीवर कागद.

"चला आभाळराव. सगळ्या सरंजामासकट."

आभाळ बूट घालून, पट्टा बांधून, रोलर खोचून, भरली बादली हातात घेऊन काट्यावर उभा राहिला. टोळी काट्याभोवती जमली. काटा हलला, मागे आला, पुन्हा पुढे गेला आणि थांबला. एकशेएकवीसच्याही पुढं, दोन रेघा.

साडेसहा किलो उतरला होता माणूस. आणि तरी दीड किलोनं चुकला.

"मोजे काढ," कोणीतरी म्हणालं.

"मिशी काढ," दुसरा म्हणाला.

काडी पुढे आला. विम्याच्या माणसाला त्यानं नुसते हात जोडले.

विम्याचा माणूस वाईट नव्हता, पण त्याची पाटी होती. "शिडीवर एकशेवीस लिहिलंय," तो हळूच म्हणाला. "माणूस, बादली, सगळं धरून."

बाईंनी नजर वळवली. आभाळनं खाली काट्याकडे पाहिलं, मग पोटाकडे, मग हातातल्या बादलीकडे. बादली काठोकाठ भरली होती. सव्वीस वर्षं ती काठोकाठच भरत आली होती; अर्धी बादली घेऊन चढणारा रंगारी टोळीत आळशी ठरायचा.

"काडी," तो म्हणाला, "डबा उघड."

काडीला काही कळलं नाही, पण त्यानं डबा उघडला. आभाळ काट्यावरच उभा राहून, बादली तिरपी करून, रंग परत डब्यात ओतायला लागला. पांढरी धार बारीक पडत होती आणि काटा रेघ रेघ मागे येत होता. एकशेएकवीस. साडेवीस. वीस.

"आणखी ओता," बाई म्हणाल्या. "या साहेबांचं पेन फार बारीक लिहितं."

त्यानं आणखी ओतला. एकशेएकोणीस आणि वर काही रेघा. विम्याच्या माणसानं वाकून पाहिलं, कागदावर खूण केली आणि बाजूला सरकून वाट दिली.

"अहो पण एवढ्याशा रंगात छत कसं होणार?" बाई म्हणाल्या. "दर दहा मिनिटाला खाली यावं लागेल तुम्हाला."

"येईन की. चढ-उतार केली तर आणखी उतरेल."

शिडीची पहिली पायरी त्याच्या पायाखाली आली तेव्हा ती कुरकुरली नाही, पण आभाळच एकदा थांबला. अकरा आठवडे जमिनीवर बसलेला माणूस. मग चढला. वर पोचल्यावर त्यानं आधी तळहात छताला लावला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि मग पोपडे खरवडायला सुरुवात केली.

खाली काडीनं आपला उपडा डबा भिंतीशी ओढला, त्यावर बसला, बुडाच्या पट्टीवर ब्रश टेकवला आणि छातीभरून श्वास सोडला.

"आभाळ," त्यानं वर हाक मारली, "तिथून मी कसा दिसतो रे?"

"लहान."

"असू दे," काडी म्हणाला. "मला इथंच बरं."